दुनळीचा दुसरा बार

भाडेकरू ठेवताना घरमालक पगाराची स्लिप बघतात, आधीच्या मालकाचा फोन नंबर मागतात. आमच्या काकांनी मला तोंड उघडायला सांगितलं होतं.

सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात त्यांचं घर आणि घरामागे एक ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे अंगणातच बांधलेलं एका माणसाचं सुटसुटीत बिऱ्हाड. मला नुकतीच पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली होती, वेस्टमीडला एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, आणि युनीच्या दिवसांपासून ज्या मुलींबरोबर एक फ्रिज वाटून घेत आले होते त्यांच्यातून कधी एकदा सुटते असं झालं होतं. बेल वाजवली. हाफ पँट, विटका टीशर्ट आणि कपाळावर डेंटिस्टचं भिंग अशा थाटात साठी ओलांडलेले एक गृहस्थ दारात आले. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, गावानंतर आपल्याकडे जे आडून आडून विचारतात तेही विचारलं नाही. "आ कर," म्हणाले. समोरचा माणूस इतक्या सहज सांगतो तेव्हा आपण आ करतोच. त्यांनी भिंग डोळ्यांवर ओढलं, मान तिरकी केली आणि निकाल दिला. मुलगी फ्लॉस करते, म्हणजे किचन स्वच्छ ठेवेल. खालची डावी अक्कलदाढ त्रास देणार. शनिवारी सामान आणायला हरकत नाही.

अक्कलदाढेने पुढे खरंच त्रास दिला आणि ती त्यांनीच काढली, तो भाग वेगळा.

आत गेले तर डायनिंग टेबलावर जुना पेपर पसरलेला आणि त्यावर एका बंदुकीची आतडी मांडलेली. स्क्रू, स्प्रिंगा, नखाएवढे पोलादी तुकडे आणि शेजारी दात कोरायच्या अवजारांचा ट्रे. मागच्या शेल्फवर बुद्धाची मूर्ती. मी एकदा मूर्तीकडे आणि एकदा टेबलाकडे बघत उभी राहिले. हा प्रश्न न विचारताच ऐकू यायची काकांना सवय असावी. लायसन्स आहे, गॅरेजमध्ये जमिनीला बोल्ट केलेली तिजोरी आहे, पोलीस येऊन बघून जातात, आणि हवेत उडवलेल्या मातीच्या बश्यांखेरीज मी आजवर काही फोडलेलं नाही, असं त्यांनी एका दमात सांगितलं. मग प्रामाणिकपणे हेही सांगितलं की बश्याही फारशा फुटलेल्या नाहीत.

त्यांचं वेड बंदुकीचं नव्हतं, हे ते दर वेळी ठासून सांगत. नेमबाजीत, शिकारीत त्यांना काडीचा रस नव्हता. वेड होतं ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बनलेल्या दुनळी बंदुकांचं, आणि त्यातही फक्त चापाचं. दुनळीला नळ्या दोन, म्हणून चापही दोन. एक ओढला की उजवी नळी उडते, दुसरा ओढला की डावी. लोकांचं बरं चाललं होतं. मग कुणाकुणाच्या डोक्यात आलं की बोट एका चापावरून दुसऱ्यावर न्यायचंच कशाला, एकाच चापाने आधी एक आणि मग दुसरी नळी उडवू. न्यूयॉर्क राज्यातली लहान लहान गावं, कनेटिकट, फिलाडेल्फिया, जिथे जिथे दुनळ्या बनत होत्या तिथली माणसं या एका चापाच्या मागे लागली. कुणी आपल्याच कारखान्यात डोकं खपवलं, कुणी बाहेरच्या कारागिराची युक्ती घेऊन बसवली. एकाने तर आपल्या चापाचं नावच 'कधी न चुकणारा' अशा अर्थाचं ठेवलं. काका हे सगळं आपल्याच घरातल्या लग्नातले रुसवेफुगवे सांगावेत तसे खुलून सांगायचे.

अडचण एकच येत होती. चाप एकदा ओढला की दोन्ही बार एकदम उडायचे. बनवणारे स्प्रिंगला दोष द्यायचे आणि उडवणारे बनवणाऱ्यांना. उडवणारा शपथेवर सांगायचा की मी चाप एकदाच ओढला, आणि तो खोटंही बोलत नव्हता. शेवटी कोडं उलगडलं ते असं. पहिल्या बाराच्या धक्क्याने बंदूक मागे उसळते, चाप बोटापासून सुटतो, आणि सावरताना ते बोट नकळत पुन्हा आवळलं जातं. ज्याचं बोट त्यालाच पत्ता नसतो. मग यावर जे उपाय निघाले त्यातला काकांचा लाडका उपाय म्हणजे तीन ओढींचा चाप. पहिल्या ओढीला एक बार, तिसऱ्या ओढीला दुसरा, आणि मधली ती नकळतची ओढ यंत्राने नुसती गिळून टाकायची. माणसाने बनवलेल्या यंत्रांत याच्याएवढं समजूतदार यंत्र दुसरं नाही, असं काकांचं मत होतं.

या सगळ्यातून त्यांना एक वाक्य सापडलं होतं आणि ते वाक्य ते कुठेही चिकटवत. "पहिला बार मुद्दाम, दुसरा धक्क्याने." श्रीखंडाची पहिली वाटी मुद्दाम, दुसरी धक्क्याने. शेजारच्या जोडप्याचं पहिलं मूल मुद्दाम, दुसरं धक्क्याने. काकू माझ्या येण्याच्या आधीच्या वर्षी गेल्या होत्या, त्यामुळे त्यांची माझी भेट नाही. पण त्या म्हणायच्या म्हणे, की लग्न झालं तेव्हा मला वाटलं बंदूक हा यांचा छंद आहे, नंतर कळलं छंद मी आहे.

काकांकडे स्वतःची बंदूक एकच. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात बनलेली, एका चापाची, डबो गावाकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेली. तिला ते न्यूयॉर्कवाली म्हणत. लॉकडाऊनमध्ये मराठी मंडळातल्या कुणीतरी फोनवर विचारलं की डॉक्टर, एकटे कंटाळत नाही ना, तेव्हा यांनी छे, न्यूयॉर्कवाली आहे ना घरात, असं उत्तर दिलं, आणि पुढचे काही दिवस आमच्या हिल्स भागातल्या मराठी घरांत वेगळीच कुजबुज चालली होती. तर या न्यूयॉर्कवालीचा रोग तोच, पुरातन. दोन्ही बार एकदम. काकांचं निदान असं की आतला एक तुकडा झिजला आहे, त्यामुळे पहिल्या बाराच्या हादऱ्याने दुसरा खटका आपोआप सुटतो. बोटाचा काही संबंध नाही. मी भोळेपणाने म्हणाले की तुम्हीच सांगता ना, बोट नकळत ओढतं म्हणून. ते हसले.

"लोकांचं ओढतं. माझं बोट डेंटिस्टचं आहे. उभा जन्म ते दाताच्या नसेपाशी जाऊन थांबतंय. ते माझ्या नकळत हलेल?"

मग कोव्हिड आला. आमच्या लॅबमध्ये स्वॅबचे डबे येऊन पडायला लागले, माझ्या शिफ्टना ना आदी राहिला ना अंत, नाकावर मास्कचा वळ कायमचा बसला. काकांचं दुःख वेगळं होतं. अख्ख्या शहराने तोंडं झाकून घेतल्यावर मी आता माणसं ओळखायची कशावरून, असं ते खरोखर कळवळून विचारायचे. सुपरमार्केटमध्ये टॉयलेट पेपरवरून लोक हातघाईवर आले तेव्हा मात्र ते खूश झाले. ट्रॉलीला टेकून उभे राहिले आणि मला म्हणाले, नीट बघ, पहिलं पॅकेट गरजेचं आहे आणि दुसऱ्याकडे हात आपोआप जातोय. त्या बाईला विचार, ती शपथेवर सांगेल की मी एकच घेतलं. मी विचारलं नाही. त्या बाईच्या ट्रॉलीत माणूस झोपेल एवढी गादी झाली होती.

मंडळाने तेव्हा लोकांचा वेळ जावा म्हणून ऑनलाइन कार्यक्रम सुरू केले. एका शनिवारी बाकरवडी, एका शनिवारी प्राणायाम, आणि एका शनिवारी काकांचं व्याख्यान, 'अमेरिकन दुनळीचा आरंभकाळ आणि एका चापाची गोष्ट.' तांत्रिक सल्लागार मी, कारण काकांच्या टॅब्लेटचा आवाज नेहमी बंद असायचा आणि त्यांना वाटायचं लोक शांतपणे ऐकताहेत. सुरुवातीला स्क्रीनभर चेहरे होते. काका कनेटिकटहून फिलाडेल्फियाला पोचेपर्यंत निम्मी मंडळी कुकर लावायला गेली. शेवटी उरलो मी, ज्यांनी हा कार्यक्रम ठरवला ते बिचारे सेक्रेटरी, आणि नातवंडांपाशी आलेल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या एक आजी, ज्यांना कॉल बंद कसा करायचा हे माहीत नव्हतं. त्या आजींनी प्रश्न विचारला. दोन्ही बार एकदम उडाले तर बिघडलं काय, एका कामात दोन कामं. काकांना इतका आनंद झाला की ते खुर्चीवरून उठले आणि स्क्रीनवर त्यांचं नुसतं पोट दिसायला लागलं. बिघडतं असं, ते म्हणाले, की एक तर खांदा फुटतो. आणि दुसरं, त्यानंतर करण्यासारखं काही हातात उरत नाही. आजी म्हणाल्या, हो, ते खरं.

काकांना एकच मुलगी. पार उत्तरेच्या टोकाला, डार्विनला इमर्जन्सीमध्ये डॉक्टर. दर रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि आठवड्यातली ती एक तास-दीड तासाची वेळ सोडली तर काका बाकीचा आठवडा कसातरी ढकलत असत, हे मला तिथे राहायला गेल्यावर लगेच समजलं. इथे जन्मलेली पोर, मराठी सगळी समजायची, उत्तरं इंग्लिशमध्ये द्यायची. लहानपणापासून चाप ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. काकांनी 'त्या काळी अमेरिकेत' एवढं म्हटलं की ती पडद्यावर डोळे मिटून घोरायची.

काकू गेल्या तेव्हाची गोष्ट काकांनीच मला सांगितली होती, एकदा नाही, अनेकदा. मुलीची मोठी परीक्षा तोंडावर होती. दुखणं किती वाढलंय हे तिला कळू द्यायचं नाही असं दोघांनी ठरवलं. ती विचारायची तेव्हा काका सांगायचे, सगळं ठीक आहे, तू परीक्षा दे, घाई करू नकोस. ती आली तेव्हा काकू बोलायच्या पलीकडे गेल्या होत्या. ही गोष्ट सांगताना काका रडायचे आणि लाजायचेही नाहीत. पोरीला आम्हीच फसवलं, असं स्वच्छ म्हणायचे.

त्या रविवारी मी आवाज चालू करून द्यायला गेले होते आणि चहा टाकला म्हणून थांबले. क्लिनिकं इमर्जन्सीपुरतीच उघडी होती आणि काका तरीही आठवड्यातून दोन दिवस जात होते. लेक म्हणत होती, बस झालं, बंद कर. "बाबा, यू आर सिक्स्टी-एट. लोकांच्या उघड्या तोंडात वाकून उभा राहतोस. प्लीज."

काकांचा चेहरा लाल झाला. "तू मला डॉक्टरकी शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि त्याच श्वासात, त्याच पट्टीत, "आई जात होती तेव्हा कुठे होतीस?"

मी हातातला कप ओट्यावर ठेवला. पडद्यावर तिचा चेहरा क्षणभर तसाच राहिला, मग पडदा काळा झाला. काका माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. शिकवू नकोस एवढंच म्हटलं तर फोन ठेवला, म्हणाले, हल्लीची मुलं किती हळवी बघ. मला आधी वाटलं, सावरून घेताहेत. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी कॉल आला नाही. त्याच्या पुढच्याही. काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून टॅब्लेटसमोर बसायचे, आणि अंधार पडायला लागला की तो उशीसारखा काखेत घेऊन आत जायचे. मेसेज यायचा, बिझी आहे, ऑल गुड. भाज्यांची डिलिव्हरी मात्र दर आठवड्याला दारात येत होती, कारण बापाने दुकानात जाऊ नये म्हणून लेकीने ती लावून दिली होती आणि रागातही तिने ती बंद केली नाही. काका पिशवी उघडून मला दाखवायचे. बघ, चिडलेली नाही, काकड्या पाठवल्यात. मग पिशवीच्या तळाशी हात घालून चाचपायचे. तळाशी चिठ्ठी वगैरे काही नसायचं. मला असा राग यायचा, त्यांचा, तिचा, डार्विनला न जाणाऱ्या विमानांचा, की मी माझ्या खोलीत जाऊन फरशी घासायची.

मी एकदा प्रयत्न केला. म्हणाले, काका, तुम्ही त्या दिवशी आणखी एक वाक्य बोललात. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. एकच बोललो. माझी जीभ माझ्या बोटासारखी आहे, ताब्यातली. आणि खरं सांगायचं तर काकूंच्या फोटोखाली उभं राहून ते वाक्य माझ्या तोंडातून निघतही नव्हतं.

राहिलेला सगळा जोर त्यांनी न्यूयॉर्कवालीवर काढला. दात कोरायच्या हत्यारांनी कोरून कोरून त्यांनी तो झिजलेला तुकडा नवा घडवला, बसवला, काढला, घासला, पुन्हा बसवला. थंडीत नियम सैल झाले आणि हॉक्सबरी नदीच्या पलीकडची त्यांची नेमबाजीची रेंज उघडली, तेव्हा एका शनिवारी त्यांनी मला गाडीत घातलं. काम एकच. चाप ओढताना त्यांच्या बोटाचा व्हिडिओ काढायचा, फोनवर स्लो मोशनमध्ये. नवा तुकडा खटका धरून ठेवतो आणि बोट हलत नाही, याचा पुरावा जगाला हवा होता. जगात नक्की कोण कोण होतं ते मी विचारलं नाही.

रेंजवर देखरेखीला एक पिकलेला ऑस्ट्रेलियन म्हातारा होता. त्याने मला कुठे उभं राहायचं ते बजावलं, कानांवर लावायला हेडफोनसारखं कवच दिलं. काकांनी दोन काडतुसं घातली, बंदूक खांद्याला लावली, बशी उडवायचा इशारा म्हणून 'पुल' असं ओरडले. मातीची बशी सूं करत वर गेली. एकच प्रचंड आवाज झाला, काका दोन पावलं मागे आले, आणि बशी अखंड, डौलात पलीकडच्या गवताकडे जात राहिली.

"बोथ बॅरल्स, मेट," म्हातारा म्हणाला. "अँड शी इज स्टिल फ्लाइंग."

काकांनी बंदूक उघडली, रिकामी करून त्याला दाखवली, आणि खांदा चोळत सांगितलं की चाप त्यांनी एकदाच ओढला, ही यंत्राची चूक आहे. म्हातारा अजिबात वाद घालणारा नव्हता. शुअर, दे ऑल से दॅट, एवढंच म्हणून तो पुढच्या माणसाकडे गेला.

मग आम्ही बाकावर बसून व्हिडिओ पाहिला. बोट चापावर येतं. आवळतं. नळीच्या तोंडाशी धूर. बंदूक मागे जाते, चाप बोटापासून सुटतो, बोट क्षणभर हवेत मोकळं. आणि मग ते बोट, चांगलं ठसठशीत, भरल्या घरात चोरी करावी इतक्या बेमालूमपणे, परत जाऊन चाप ओढतं. दुसरा धूर. काकांनी तो पुन्हा लावला. पुन्हा लावला. फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले की तुकडाही थोडा कमी पडला असेल. त्यांनी मान हलवली. तुकडा कमी पडला हे खरं, म्हणाले, पण ओढलं कोणी ते दिसतंय.

परत येताना त्यांनी गाडीची किल्ली मला दिली. दुसऱ्या कुणाला गाडी चालवू देण्यातले ते नव्हते. विंडसर रोडला लागेपर्यंत ते उजव्या हाताचं बोट डाव्या हातात धरून बसले होते, जसं दुखावल्यावर धरतात. मग समोर बघतच त्यांनी विचारलं.

"त्या रविवारी मी दुसरं काय बोललो?"

मी पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी आत घेतली आणि थांबवली. थोडक्यात अर्थ सांगायला लागले तर म्हणाले, अर्थ नको, शब्द सांग. मी शब्द सांगितले. त्यांनी विचारलं, माझ्या आवाजात? मी हो म्हणाले. समोर एक बाई मास्क हनुवटीवर ओढून कॉफी पीत होती, तिच्याकडे ते बघत राहिले, पण तिचे दात त्या दिवशी त्यांना दिसत नव्हते. मला त्या माणसाची इतकी दया आली की मीच रडायला लागले, आणि त्यांना माझ्यासाठी टिश्यू शोधावे लागले.

मग त्यांनी फोन लावला. तिथेच, गाडीत. शनिवारी बापाचा फोन कधी येत नाही म्हणून तिने पहिल्या रिंगला उचलला, आणि पहिला प्रश्न, बरा आहेस ना, ताप वगैरे नाही ना. काकांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली ती थेट अमेरिकेतून. त्या काळी एका चापाच्या दुनळ्या बनायला लागल्या तेव्हा असं व्हायचं की.

"ओ बाबा, नो. नॉट द ट्रिगर्स. नॉट नाऊ."

"ऐक. एवढ्या वेळी ऐक. ओढणारा शपथेवर सांगायचा की मी एकदाच ओढला. तो खोटं बोलत नव्हता. पण दोन्ही बार उडालेले असायचे." ते थांबले. "मी ते बोललो हे मला अजूनही आठवत नाही. पण बोललो. बोट माझंच होतं. आई जात होती तेव्हा तू कुठे होतीस ते मला माहीत आहे. मी तुला ठेवलं तिथे होतीस."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग रडता रडता हसू फुटावं तसा.

"माय होल लाइफ, बाबा. माय होल लाइफ तू मला तो ब्लडी ट्रिगर सांगतोयस. फर्स्ट टाइम आय गेट इट."

त्यावर काकांनी तीन ओढींच्या चापाबद्दल थोडी जास्तीची माहिती द्यायचा प्रयत्न केला, आणि डार्विनहून घोरण्याचा आवाज आला. मी गाडीतून उतरून पंपाच्या दुकानात गेले आणि गरज नसताना दोन आइस्क्रीमं आणली. पहिलं मुद्दाम होतं.

क्लिनिक त्यांनी सोडलं. सिडनीवाल्यांना डार्विनचं दार उघडलं तेव्हा वसंत आला होता, आणि पहिल्या काही विमानांपैकी एकात काका होते. थोडे दिवस म्हणून गेले आणि तिथेच राहिले. केलीव्हिलचं घर विकलं, मी वेस्टमीडजवळ राहायला आले. न्यूयॉर्कवालीही रीतसर कागदपत्रं करून डार्विनला गेली आहे. तिचं काय झालं विचारलं तर म्हणतात, तिच्यात दोष थोडासाच होता, तो काढला; आता बोट दुरुस्तीला घेतलंय.

ही दुरुस्ती फोनवर कळते. त्यांना लागेल असं काही बोललं की पलीकडचा आवाज बंद होतो. सुरुवातीला मी हॅलो, हॅलो करायची, फोन हलवायची, तिकडच्या पावसाळ्याला नावं ठेवायची. मग लेकीनेच सांगितलं, नेटवर्क फाइन आहे गं, ती मधली ओढ आहे, जस्ट वेट.

परवा मी त्यांना कळवलं की लग्न करतेय. मुलगा कोण, काय करतो, काही नाही. म्हणाले, फोटो पाठव, हसतानाचा. पाठवला. खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेत, म्हणाले, आणि हिरड्या मला आवडल्या नाहीत, जरा विचार कर. मी चिडले. म्हणाले, काका, दात बघून माणूस कळत नसतो, आणि तुम्हाला तर घरातली माणसंही वेळेवर कळली नव्हती.

पलीकडे शांतता. बोलून गेल्यावर मलाच चटका बसला, पण मी हॅलो म्हणाले नाही. खिडकीत उभी राहून थांबले. खाली स्टेशनात एक ट्रेन आली, माणसं उतरली, ट्रेन गेली.

"बरं," काका म्हणाले. "त्याला घेऊन ये इकडे. तोंड मिटून आला तरी चालेल."